सुटीतली रंगभूमी आणि इतिहासाची सोय

१

मराठी बालनाट्याचा आरंभ सांगताना १९५९ हे वर्ष आता श्रुतिवचनासारखे उच्चारले जाते. त्या वर्षी सुधा करमरकर यांची ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी उभी राहिली आणि रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आले. पुढचे टप्पेही ठरलेले आहेत. १९६२ मध्ये मतकरींची ‘बालनाट्य’ ही संस्था, तेंडुलकरांची ‘इथे बाळे मिळतात’ आणि ‘राजाराणीला घाम हवा’ यांसारखी नाटके, पु. ल. देशपांडे यांचे ‘वयं मोठं खोटम्’, पुण्यात सई परांजपे यांचे काम, मुंबईत सुलभा देशपांडे यांची ‘चंद्रशाला’ व १९८२ चे ‘दुर्गा झाली गौरी’, १९८६ मध्ये मोहन आगाशे आणि थिएटर अकॅडमी यांनी पुण्यात आणलेले ‘ग्रिप्स’. परीक्षेच्या टिपणांपासून परिसंवादातील बीजभाषणांपर्यंत हीच साखळी याच क्रमाने फिरत राहते. तिच्यातील एकही कडी खोटी नाही. या मंडळींच्या कामाची थोरवी हाही वादाचा विषय नाही. वाद आहे तो या साखळीलाच ‘मराठी बालरंगभूमीचा इतिहास’ असे नाव देण्याशी.

ही साखळी कशाची बनली आहे, हे पाहिले की तिची मर्यादा ध्यानात येते. लेखकाचे नाव, संस्थेचे नाव आणि पहिल्या प्रयोगाची तारीख या तीन धाग्यांनी ती ओवलेली आहे. ज्या नाट्यव्यवहाराजवळ हे तिन्ही धागे असतात, तो इतिहासात येतो. ज्याच्याजवळ ते नसतात, तो आठवणींत, सत्काराच्या भाषणांत, फार तर एखाद्या शाळेच्या स्मरणिकेत राहतो. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा देवळाच्या ओवरीत महाविद्यालयातील विद्यार्थी गावातली मुले जमवतात, पंधरा-वीस दिवस त्यांच्याबरोबर खेळतात, भांडतात, गाणी रचतात आणि शेवटी गावापुढे एक नाटक उभे करतात, हा व्यवहार महाराष्ट्राला अनोळखी नाही. तालुक्यातालुक्याने तो पाहिलेला आहे. तरीही बालरंगभूमीच्या समीक्षेत त्याला स्वतंत्र स्थान नाही. त्याला ‘उपक्रम’ म्हणतात, ‘शिबिर’ म्हणतात, ‘चळवळीचे अंग’ म्हणतात. ‘रंगभूमी’ म्हणत नाहीत.

हे वगळणे नजरचुकीने झालेले नाही. त्यामागे समीक्षेची एक भूमिका आहे, आणि ती तपासली पाहिजे.

२

गारगोटीहून पाहिले तर हा प्रश्न जरा वेगळा दिसतो. कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठी वसलेले भुदरगड तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. बालनाट्याची जी साखळी वर दिली, ती दादर, गिरगाव आणि पुणे यांच्याबाहेर क्वचितच पाऊल टाकते. तेव्हा तीत गारगोटीचा उल्लेख येण्याचे कारणच नाही. परंतु शिक्षणाच्या इतिहासात हे नाव आडगावाचे नाही. जे. पी. नाईक (१९०७–१९८१) यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मौनी विद्यापीठ उभारले ते येथे. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव त्या संस्थेला दिले गेले. १९५६ मध्ये देशात ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना आली, तेव्हा ‘रूरल इन्स्टिट्यूट’ म्हणून निवडलेल्या पहिल्या संस्थांत ती होती. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे (१९६४–१९६६) सदस्य-सचिव झाले. शिक्षण हे गावाच्या जगण्यापासून तोडून चालणार नाही, शिकणाऱ्याने शिकता शिकता आपल्या परिसराला काही दिले पाहिजे, हा विचार येथे पुस्तकात नव्हता. इमारती, शेत आणि अध्यापक-विद्यालय यांच्या रूपाने तो उभा होता. महाविद्यालय, अध्यापक घडविणारे विद्यालय आणि शाळा एकाच परिसरात नांदतात, तेव्हा अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी आणि नऊ-दहा वर्षांचे मूल एकमेकांच्या रोजच्या दृष्टिपथात येतात. विद्यार्थ्यांनी चालविलेल्या बालरंगभूमीला लागणारी पहिली सामग्री हीच. तिच्यासाठी प्रेक्षागृह लागत नाही, निर्माता लागत नाही. दोन वयांचे शेजारपण लागते.

दुसरी सामग्री म्हणजे ऋतू. या रंगभूमीचे पंचांग बाहेरून कोणी ठरवून दिलेले नाही. ते विद्यापीठाच्या परीक्षा आणि शेतीची कामे यांच्या फटीत सापडते. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात भुदरगड-आजरा-राधानगरीच्या पट्ट्यात भाताच्या धूळवाफ पेरणीची घाई सुरू होते, आणि मृग लागला की शेतकऱ्याच्या घरातले कोणतेच हात मोकळे राहत नाहीत. हातात उरतात ते तीन-चार आठवडे. याच दिवसांत जत्रा असतात, लग्ने असतात, आणि मुंबईकर गावी येतात. या डोंगरी तालुक्यांतील अनेक घरांचे एक पाऊल मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते पाऊल कायमचे लंगडे झाले. ‘दुर्गा झाली गौरी’ त्याच १९८२ सालचे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ही दोन साले एक असूनही एकत्र येत नाहीत. गिरणगावातून गावाकडे परतलेल्या घरांतील मुलांनी त्या वर्षांत काय पाहिले, काय खेळले, कोणते सोंग काढले, हा बालरंगभूमीच्या इतिहासाचा प्रश्न आहे असे समीक्षेला वाटलेच नाही. ‘दुर्गा’ने पुष्कळ मुलांना एकाच वेळी रंगमंचावर नाचते-गाते केले, हे मोठे काम होते. पण दादरपासून मैलभरावर बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराचे मूल गावी जाऊन कोणत्या खेळात सामील झाले, हे विचारल्याशिवाय त्या दशकाची बालरंगभूमी पुरी होत नाही.

३

या रंगभूमीला इतिहासाबाहेर ठेवताना जे आक्षेप उघडपणे वा गृहीत धरून घेतले जातात, ते तीन आहेत. पहिला आक्षेप असा की, तिला संहिता नाही.

ज्या समीक्षेने गेल्या काही दशकांत ‘नाटक म्हणजे केवळ छापील शब्द नव्हे, प्रयोग हेच नाटकाचे खरे रूप’ असे अट्टहासाने सांगितले, तिनेच बालनाट्याच्या दारात येताच छापील पुस्तक मागावे, हा विनोद आहे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि नट उभ्या उभ्या बोलत जातो. म्हणून दशावताराला कोणी रंगभूमीबाहेर काढले नाही. उलट त्या उत्स्फूर्ततेवर प्रबंध लिहिले गेले. कोल्हापूर भागातील सोंगी भजनाचेही तसेच. त्याची संहिता भजनी मंडळाच्या स्मरणात आणि गावाच्या थट्टेत असते. मग गारगोटीसारख्या गावातील मुलांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून तोंडी रचलेल्या नाटकालाच ‘संहिता नाही’ म्हणून का हटकावे? कारण उघड आहे. दशावतार जुना आहे, म्हणून त्याला ‘लोकरंगभूमी’चा परवाना मिळतो. विद्यार्थी शिकलेला आहे, कागद-पेन बाळगणारा आहे; त्याने लिहून ठेवले नाही, म्हणजे त्याच्याजवळ लिहिण्यासारखे काही नव्हते, असे गृहीत धरले जाते. परंपरेला तोंडी असण्याची मुभा आणि वर्तमानाला मात्र छापील असण्याची सक्ती, हा दुटप्पीपणा आहे. देशीयतेची चर्चा करणाऱ्यांनीही तो कधी बोलून दाखविला नाही, हे विशेष.

याहून मूलगामी उत्तर युरोपातून येते. लाट्वियाची दिग्दर्शिका आस्या लात्सिस हिने क्रांतीनंतर रशियातील ओर्योल येथे रस्त्यावरच्या अनाथ मुलांना घेऊन रंगकाम केले होते. तिच्या अनुभवाचा आधार घेऊन वाल्टर बेन्यामिनने १९२८-२९ च्या सुमारास बालरंगभूमीचा एक कार्यक्रम लिहून काढला. त्याची मध्यवर्ती कल्पना अशी की, मुलांच्या रंगभूमीत प्रयोग हे ध्येय नसते. खरे काम तालमीच्या दिवसांत, मुलांच्या आपसांतील ताणात, त्यांच्या हातवाऱ्यांत घडते आणि प्रयोग हा त्या कामाचा जणू ओघाने आलेला निष्कर्ष असतो. शिकविणाऱ्याचे मुख्य कर्तव्य मुलांना वळण लावणे हे नसून त्यांना निरखणे हे असते. ही भूमिका मान्य केली तर संहितेचा आक्षेप उरतच नाही. जो व्यवहार तालमीत पूर्ण होतो, त्याच्याकडून पुस्तक मागणे म्हणजे पोहणाऱ्याकडून पाण्यावरच्या पाऊलखुणा मागणे होय. आणि ही भूमिका अमान्य असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. बेन्यामिनचे नाव तळटीपेत मिरवायचे आणि मूल्यमापन मात्र छापील पानांच्या संख्येवर करायचे, हे चालणार नाही.

४

दुसरा आक्षेप सातत्याचा आहे. विद्यार्थ्यांनी चालविलेला गट टिकत नाही. तीन वर्षांनी पदवी मिळते, मुले पांगतात, कोणी नोकरीला जाते, कोणाचे लग्न होते. ज्याला परंपरा नाही त्याचा इतिहास कसा लिहायचा, असा हा प्रश्न.

येथे ‘सातत्य’ या शब्दाचा एकच अर्थ गृहीत धरला आहे. एकच व्यक्ती, एकच संस्था, एकच पाटी वर्षानुवर्षे राहणे म्हणजे सातत्य. मालकी हक्काची ही कल्पना आहे. नाटक कंपन्यांच्या आणि निर्मात्यांच्या इतिहासातून ती आलेली आहे. विद्यार्थ्यांच्या गटाचे सातत्य व्यक्तीचे नसते, जागेचे असते. यंदा जी मुलगी झाड होऊन उभी राहिली, ती पाच-सात वर्षांनी महाविद्यालयात जाते आणि दुसऱ्या मुलांना झाड कसे व्हायचे ते दाखविते. शिकविणारा आणि शिकणारा यांच्या जागा एकाच आयुष्यात बदलतात. व्यावसायिक बालनाट्यात असे सहसा घडत नाही. तेथे मूल प्रेक्षकाच्या खुर्चीत बसते आणि मोठे झाल्यावर आपल्या मुलाला घेऊन त्याच खुर्चीत परत येते. या दोहोंपैकी परंपरा कशाला म्हणायचे, याचा निवाडा सोपा नाही. निदान तो वाद न घालताच एका बाजूने देऊन टाकता येणार नाही.

महाराष्ट्रात या प्रकारच्या सातत्याचा सर्वांत मोठा दाखला राष्ट्र सेवा दलाचा आहे. १९४१ मध्ये दलाची फेरउभारणी झाली, तेव्हापासून शाखा चालविणारे बहुतेक जण स्वतः विद्यार्थी किंवा नुकतेच शिक्षण संपविलेले तरुण होते आणि शाखेवर येणारी मुले त्यांच्याहून काही वर्षांनीच लहान. सुट्यांतील शिबिरे, समूहगीते, छोटी नाट्ये यांतून दलाचे कलापथक वाढले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. निळू फुले यांच्या अभिनयाची सुरुवातही कलापथकातच झाली. साने गुरुजींच्या मृत्यूनंतर सुरू झालेल्या कथामालांनीही मुले आणि तरुण कार्यकर्ते यांना असेच एकत्र आणले. यांपैकी कोणतीही गोष्ट गुप्त नाही. तरी नाट्यसमीक्षेने सेवा दलाचा उपयोग कसा केला? एखाद्या थोर नटाच्या चरित्रातील पहिले प्रकरण म्हणून. कलापथक म्हणजे प्रसिद्ध माणसांची रोपवाटिका, अशी ही मांडणी आहे. जी रोपे उचलून मोठ्या बागेत लावली गेली, तेवढीच मोजायची आणि जी त्याच वाफ्यात वाढून, फुलून, सुकली, ती जणू उगवलीच नव्हती. शेकडो तरुण मुलांबरोबर खेळले, एक-दोन उन्हाळे नाटके बसविली आणि पुढे प्राथमिक शिक्षक, तलाठी, शेतकरी झाले. रंगभूमीचा इतिहास त्यांचाही आहे. किंबहुना बालरंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने त्यांचाच आहे.

‘ग्रिप्स’चे उदाहरण तर आक्षेप घेणाऱ्यांवरच उलटते. पुण्यात १९८६ मध्ये ‘छान छोटे वाईट मोठे’ आले, तेव्हा बालनाट्य परीकथेच्या बाहेर येऊन मुलांच्या घरातल्या, शाळेतल्या, रस्त्यावरच्या प्रश्नांशी बोलू लागले, असे कौतुकाने म्हटले गेले. ते योग्यच होते. पण ही रंगभूमी जन्मली कोठे? पश्चिम बर्लिनमध्ये, १९६६ साली, एका राजकीय कॅबरेच्या कुशीत. आणि ती वाढली त्या शहराला हलवून सोडणाऱ्या विद्यार्थी चळवळीच्या वातावरणात. फोल्कर लुडविग आणि त्याचे सहकारी मुलांसाठी नाटके करू लागले, तेव्हा ‘ग्रिप्स’ हे नावही नव्हते. ते १९७२ मध्ये आले. मोठ्यांच्या जगाविषयी तरुणांच्या मनात जी शंका होती, तीच त्यांनी मुलांच्या हाती दिली. म्हणजे बर्लिनमधील बंडखोर तारुण्यातून बालरंगभूमी निघाली की ती जागतिक घटना, आणि भुदरगड तालुक्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी मुलांना घेऊन सावकाराचे सोंग काढले की तो ‘उपक्रम’. बर्लिन आणि गारगोटी यांत अंतर आहेच, पण ते एवढेच नव्हे.

५

तिसरा आक्षेप दर्जाचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. सुटीत बसविलेली बहुतेक नाटके कच्ची असतात. संवाद पाठ नसतात, गाण्यांच्या चाली चित्रपटांतून उचललेल्या असतात, शेवटी कोणीतरी पुढे येऊन तात्पर्य सांगते. हे सारे खरे आहे आणि या रंगभूमीची बाजू घेताना ते झाकण्याचे कारण नाही. मात्र दर्जा कशाने मोजायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, अभिनय अशी पारितोषिके असतात. ही विभागणी मोठ्यांच्या रंगभूमीतून जशीच्या तशी उचललेली आहे. मुलांनी मिळून रचलेल्या नाटकात लेखक कोण आणि दिग्दर्शक कोण, हे सांगता येत नाही. म्हणून स्पर्धेला नाव देताना एखाद्या मोठ्या माणसाचे नाव द्यावे लागते. पारितोषिकाच्या रकान्याला जे बसत नाही ते बसविण्यासाठी त्याचे रूपच बदलले जाते आणि मग बदललेल्या रूपाचा दर्जा काढला जातो.

दर्जाच्या या कल्पनेत सर्वांत खोल रुतलेली गोष्ट म्हणजे भाषा. मराठी बालनाट्यातील राजा, परी, मुख्य मुलगा आणि मुलगी प्रमाण मराठी बोलतात. बोली आली तर ती गावंढळ नोकराच्या, बावळट शिपायाच्या, फार तर विनोदी राक्षसाच्या तोंडी येते. याला अपवाद आहेत, पण नियम ओळखू यावा एवढे ते थोडे आहेत. भुदरगडच्या मुलाला या रंगभूमीवरून पहिला धडा मिळतो तो असा : तू घरी ज्या भाषेत बोलतोस, ती हसण्यासाठी आहे. कादंबरीत हा प्रश्न एवढा शिल्लक राहिलेला नाही. राजन गवस यांनी गारगोटीच्या महाविद्यालयात शिकवीत असताना ‘चौंडकं’, ‘भंडारभोग’, ‘तणकट’ या कादंबऱ्यांतून या सीमाभागाची बोली दुःखाची, विचाराची, युक्तिवादाची भाषा म्हणून उभी केली. ‘तणकट’ला २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोठ्यांच्या साहित्यात बोलीला जो मान या मार्गाने मिळाला, तो बालनाट्याच्या दारापर्यंत पोचला नाही. ग्रामीण साहित्याच्या चळवळीनेही मुलांच्या नाटकाकडे गंभीरपणे पाहिले नाही.

विद्यार्थी-रंगकर्मीचे महत्त्व नेमके येथे आहे. तो दोन भाषांच्या मध्ये उभा असतो. सकाळी वर्गात त्याला प्रमाण मराठीत उत्तर लिहावे लागते, संध्याकाळी गोठ्यात तो आईशी बोलीत बोलतो. शिक्षक मुलाची भाषा सुधारतो, कारण तेच त्याचे कर्तव्य मानले गेले आहे. निर्माता ती टाळतो, कारण तिकीट विकत घेणारा प्रेक्षक शहरी आहे. विद्यार्थ्याला मात्र सुटीच्या त्या तीन आठवड्यांत यांपैकी कोणतेही बंधन नसते. राजाने बोलीत न्याय दिला आणि कोणी हसले नाही, असा क्षण त्याच्याच रंगभूमीवर येऊ शकतो. तो दरवर्षी येतोच असे नाही. पण जेथे तो येण्याची शक्यता आहे, ती जागा दर्जाच्या नावाखाली नकाशावरून पुसून टाकणे ही समीक्षेची हानी आहे, आणि त्या मुलाची तर आहेच.

६

येथवरच्या विवेचनाचा अर्थ असा होऊ नये की, सुटीतली रंगभूमी निष्पाप आहे. तिच्या शत्रूंहून तिच्या भक्तांनीच तिचे अधिक नुकसान केले आहे.

पहिले भक्त ‘संस्कार’वाले. मुलांवर संस्कार करण्यासाठी नाटक, हे सूत्र एकदा स्वीकारले की मूल ही ओली माती होते आणि विद्यार्थी कुंभाराचा मदतनीस. मग तालीम निरखण्यासाठी नसते, वळण लावण्यासाठी असते आणि नाटकाचा शेवट पहिल्या दिवशीच ठरलेला असतो. डाव्या आणि उजव्या, दोन्ही परंपरांनी हे केले आहे. फरक तात्पर्याच्या मजकुरात आहे, पद्धतीत नाही. दुसरे भक्त अलीकडचे. त्यांनी उन्हाळी शिबिराला ‘व्यक्तिमत्त्व विकासा’चे दुकान करून टाकले. प्रवेशशुल्क, प्रमाणपत्र, शेवटच्या दिवशी पालकांसमोर दहा मिनिटांचे सादरीकरण. तेथे मूल धीट होते, असे सांगतात. कोणापुढे धीट होते, हे सांगत नाहीत.

या दोहोंच्या पलीकडे एक कठीण प्रश्न आहे आणि तो विद्यार्थ्यांच्या गटांना स्वतःलाच विचारावा लागेल. राजाचे काम कोणाला मिळाले? गुरुजींच्या मुलाला, की वाड्यावरच्या? मागे उभ्या असलेल्या समूहात कोणत्या गल्लीतील मुले होती? दुपारी धुणे-भांडी आटोपून येणारी मुलगी तालमीला उशिरा येते म्हणून तिचा भाग कोणी कापला? दलित वस्तीतील मुले देवळाच्या ओवरीत तालमीला आली का, आणि आली नसतील तर तालमीची जागा बदलली का? विद्यार्थी हा मुलापेक्षा थोडाच मोठा असतो, हे त्याचे बळ. पण त्या थोड्या मोठेपणातही गावाची सगळी उतरंड मावते. ज्या रंगभूमीला आपला इतिहास लिहिला जावा असे वाटते, तिने या प्रश्नांची उत्तरेही त्या इतिहासात लिहिली जातील, याची तयारी ठेवली पाहिजे. बिनतपासणीचा गौरव ही वगळण्याचीच दुसरी, जरा गोड तऱ्हा आहे.

७

मग इतिहास कसा लिहायचा? निदान कोणत्या साधनांनी, एवढे तरी सांगता येते. लेखक-संस्था-तारीख हे तीन धागे येथे अपुरे पडतात. त्यांच्या जागी दुसरी साधने घ्यावी लागतील. खर्चाची वही, जिच्यात रंगीत कागद, खळ, भाड्याचा ध्वनिक्षेपक आणि मुलांच्या चुरमुऱ्यांचा हिशेब असतो. पेटीतले कपडे, ज्यांतील एकच शेला पाच उन्हाळे पाच राजांनी पांघरलेला असतो. गाण्यांच्या चाली, ज्यांवरून त्या वर्षी गावात कोणता चित्रपट, कोणते भारूड, कोणती मोर्चाची घोषणा पोचली होती ते कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या वेळी मूल असलेल्या माणसाची आठवण. मराठी नाट्येतिहासाने नट, दिग्दर्शक आणि निर्माते यांच्या मुलाखती भरपूर घेतल्या. बालनाट्यातील मुलांना, ती मोठी झाल्यावर, ‘तेव्हा तुला काय वाटले होते?’ असे पद्धतशीरपणे विचारले नाही. ज्या रंगभूमीच्या नावात ‘बाल’ आहे, तिच्या इतिहासात बालकाची साक्षच नसावी, यासारखा दुसरा पद्धतिदोष नाही.

हे काम मुंबई-पुण्यातील चार अभ्यासकांनी करण्यासारखे नाही आणि त्यांच्यावर सोडूनही चालणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधिकांसाठी तेच ते विषय घेतात. छापील नाटकांच्या ‘आशय आणि अभिव्यक्ती’वर आणखी एक प्रबंधिका जमा होते. त्यांच्यातील अनेक जण स्वतः एखाद्या उन्हाळ्यात मुलांबरोबर नाटक बसवून आलेले असतील. आपण केलेले काम हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. कारण जी समीक्षा ते परीक्षेसाठी वाचतात, तिच्यात त्या कामाला नाव नाही. नाव नसलेल्या गोष्टीवर प्रस्ताव लिहिता येत नाही आणि प्रस्ताव नसलेली गोष्ट अस्तित्वात नाही असे विद्यापीठ धरून चालते. हे चक्र कोठेतरी तोडावेच लागेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेली ती वास्तू जळताना पाहून रंगकर्मी आणि प्रेक्षक रडले, आणि ते रडणे खरे होते. वास्तूला इतिहास असतो, म्हणून तिच्या जाण्याचा शोक करता येतो. तिचे चित्र असते, आराखडा असतो, म्हणून ती पुन्हा उभारण्याची मागणी करता येते. मे महिन्यात वर्गातले बाक भिंतीला लावून उभ्या राहणाऱ्या आणि पहिल्या पावसाबरोबर मोडणाऱ्या रंगभूमीला यांतले काहीच नाही. तिची राखही होत नाही. शाळा पुन्हा सुरू होते, बाक परत मांडले जातात, फळ्यावर कोणीतरी काढलेला राजवाडा पुसून तेथे तारीख लिहिली जाते. त्या फळ्यावर आधी काय होते, हे सांगणारे मूल अजून गावात आहे. इतिहासाने त्याला विचारण्याची तसदी घ्यावी, एवढीच ही मागणी. आणि ती मान्य होईपर्यंत १९५९ पासून सुरू होणाऱ्या कथनाने स्वतःला मुंबई-पुण्याच्या बालनाट्यसंस्थांचा इतिहास म्हणावे. मराठी बालरंगभूमीचा इतिहास म्हणविण्याचा अधिकार त्याला अजून मिळवायचा आहे.